चाचणीतलं बियाणं

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभारली आणि हे गाव संकरित बियाण्यांचं माहेर झालं. महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या शेतचाचण्यांनंतर. तणनाशकाला दाद न देणारा कापूस मात्र मंजुरीआधीच चोरवाटेने बांधावर पोचला. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो उघडपणे पेरला. मंजुरी रेंगाळते, निंदणीची मजुरी परवडत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हे. पण विनापावतीच्या पाकिटात नेमकं काय, याची हमी कोण देणार? संगणकाची अर्धीकच्ची प्रणाली कोसळली तर जुनी पुन्हा बसवता येते. शेतात मात्र बियाणं फसलं तर दुबार पेरणी करावी लागते, आणि पावतीच नसल्याने भरपाईचा दावाही टिकत नाही.