आडारकर अहवाल ते मानेसर : कामगार विम्याचा इतिहास

शेतीवर जगणारा देश कारखान्यांकडे वळला की त्याचे आजारही बदलतात. अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट सिद्धांताच्या रूपात मांडली : साथीचे रोग मागे पडतात, हृदयविकार आणि कर्करोग पुढे येतात. परीक्षेत एवढे उत्तर चालते. परंतु अशा देशांत आरोग्याचा आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे यंत्रावर होणाऱ्या इजांचा. त्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे भारताने दिलेले उत्तर या पाठात पाहू.

जर्मनीत बिस्मार्क यांनी १८८३ मध्ये आजारपणाचा आणि १८८४ मध्ये अपघाताचा विमा सुरू केला. भारतात १९२३ च्या कायद्याने अपघातग्रस्त कामगाराला भरपाईचा हक्क मिळाला, पण ती मालकाकडून वसूल करायची होती. कोर्टकचेरी गिरणी कामगाराला कशी परवडणार? आजारपणासाठी तर काहीच तरतूद नव्हती. शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये हा विषय मांडला, पुढे तो रेंगाळला. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर योजना आखण्याचे काम सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते.

आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरती सक्तीची विमा योजना त्यांनी सुचवली. अहवालातील एक बाब मला आजही महत्त्वाची वाटते. त्यांनी कामगारांचे कायम, तात्पुरते आणि नैमित्तिक असे तीन वर्ग केले होते. सगळे कामगार वर्षभर एकाच फाटकातून आत जात नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. नंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ स्टॅक आणि राव यांनी योजना तपासली आणि अपघाताची भरपाईही विम्यातच आणावी, असे सुचवले. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून तयार झाला. आडारकरांचे तीन वर्ग मात्र कायद्यात आले नाहीत. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली.

दिल्लीहून जयपूरच्या महामार्गाने निघाले की गुडगावनंतर मानेसर लागते. मोटारींचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने येथे दाटीने उभे आहेत. पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुले ठेकेदारामार्फत काम करतात. ठेकेदाराचा कामगारही कायद्याच्या कक्षेत आहे. १९४८ च्या कायद्यात कलम ४० प्रमाणे त्याची वर्गणी आधी मूळ मालकानेच भरायची होती. प्रत्यक्षात काय होते? 'सेफ इन इंडिया' ही संस्था या पट्ट्यातील जखमी कामगारांसोबत काम करते. २०१९ पासूनच्या तिच्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : कामावर रुजू होताच मिळायला हवे ते विमा ओळखपत्र अनेकांना बोट गेल्यानंतर मिळते. आजारपणाच्या रोख लाभासाठी सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदार बदलत राहिला, मध्ये खाडे पडले, की ही अट पुरी होत नाही. नैमित्तिक कामगार गेलेला नाही, फक्त त्याचे नाव बदलले आहे.

कायमच्या अपंगत्वाचे गणित करून पाहा. संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली, अंगठा गेला तर ३० टक्के, असे परिशिष्टात ठरलेले आहे. समजा, सरासरी रोजची मजुरी ४०० रुपये आहे. तिचे ९० टक्के म्हणजे ३६० रुपये, आणि त्याचे १४ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे ५० रुपये, आयुष्यभर. रक्कम लहान आहे. तरी १९२३ च्या व्यवस्थेत मालकामागे धावून जे मिळायचे, त्यापेक्षा ती खात्रीची आहे.

या खात्रीची एक किंमत मात्र मोजावी लागली. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के आहे. वर्षात एकही अपघात न होणारा कारखाना आणि दर महिन्याला बोटे तुटणारा कारखाना, दोघांना दर एकच. जर्मन अपघात विम्यात उद्योगाच्या धोक्यानुसार वर्गणी कमीजास्त होते. आपल्याकडे भरपाईचा बोजा सामाईक निधीवर गेला आणि यंत्र सुधारण्याची आर्थिक निकड तेवढी कमी झाली. स्टॅक-राव यांची शिफारस कामगाराच्या हिताचीच होती, पण तिच्यासोबत धोक्यानुसार दर यायला हवा होता, असे माझे मत आहे.

यंत्र-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्यावा. जुन्या प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. पायपट्टी एकदा दाबली की रॅम पूर्ण फेरा करूनच थांबतो, मध्येच अडवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा बसवून उपयोग नाही : हात आत गेल्याचे कळेल, पण रॅम खाली येणारच. तेथे साच्याभोवती स्थिर जाळी बसवावी लागते, नाहीतर हवेच्या दाबावरचा, मध्येच सुटणारा क्लच आणि त्याला जोडीचा ब्रेक. धोकादायक भाग झाकण्याची सक्ती कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये होती, आणि तो अधिनियमही १९४८ चाच.