आज्ञावलीची लेखणी

वेबसाइटची आज्ञावली लिहावयास बसणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो गणिताचा नव्हे कीं तर्काचाहि नव्हे. लिहावें कशांत, हा त्याचा प्रश्न असतो. ज्या साधनांत आज्ञा लिहावयाच्या, खोडावयाच्या आणि सुधारावयाच्या त्याला या व्यवसायांत ‘एडिटर’ म्हणतात. वर्तमानपत्राच्या संपादकाशीं त्याचा नामसाम्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं. वरवर पाहतां ही बोरू कीं टांक एवढीच निवड. परंतु तिच्यापायीं पक्ष पडले, वाद माजले आणि शेवटीं एका लोकप्रिय साधनाचा अंतहि झाला.

या कथेचा आरंभ वेबच्या जन्माआधीं वीस वर्षें झाला. 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यांनीं ‘एड’ नांवाचा एडिटर लिहिला. त्या काळीं संगणकापुढें बहुधा पडदा नसे. तारायंत्रासारखें खडखडणारें टंकयंत्र असे व उत्तर कागदावर उमटे. सारा मजकूर मनांत धरावयाचा आणि ओळीचा क्रमांक सांगून ती ओळ दुरुस्त करावयाची, अशी रीत होती. चूक झाली तर ‘एड’ केवळ एक प्रश्नचिन्ह छापी. काय चुकलें तें ज्याचें त्यानें ओळखावें!

पडदा आल्यावर कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाचे विद्यार्थी बिल जॉय यांनीं 1976 सालीं जें साधन घडविण्यास घेतलें, तेंच पुढें ‘व्ही-आय’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. जॉय घरून टेलिफोनच्या तारेनें काम करीत, आणि त्या तारेवरून सेकंदास जेमतेम 30 अक्षरें येत. 24 ओळींचा, ओळीस 80 अक्षरांचा पडदा भरावयास एक मिनिटाहून अधिक वेळ जाई. अशा ठिकाणीं लांबलचक आज्ञा परवडणार कशा? त्या एकेका अक्षराच्या झाल्या. शिवाय त्यांच्या यंत्रावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच्, जे, के, एल् या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. मजकुरांत डावीकडे, खालीं, वर आणि उजवीकडे सरकण्याचें काम त्याच चार कळांकडे गेलें.

त्याच सुमारास एम.आय.टी. येथें रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनीं ‘ईमॅक्स’ उभें केलें. वापरणाराला तें आपल्या मनाप्रमाणें घडवितां येई, हें त्याचें वैशिष्ट्य. या दोहोंच्या अनुयायांतील भांडणें विनोदी असलीं तरी पुष्कळदां फुकट वेळ खाणारीं होतीं.

वेबच्या क्षेत्रांत खरी उलथापालथ 2014 सालीं झाली. गिटहब या कंपनीनें ‘ॲटम’ हा एडिटर काढला. तो वेबपानें ज्या भाषांत लिहितात त्याच भाषांत लिहिलेला होता. त्यामुळें वेबचा प्रोग्रॅमर आपली लेखणी आपणच तासूं शके. तो जड होता, मंद होता, तरीहि लोकांना आवडला. त्याच्यासाठीं बांधलेल्या पायाला ‘इलेक्ट्रॉन’ हें नांव मिळालें; आणि 29 एप्रिल 2015 रोजीं मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलेला प्रतिस्पर्धी, ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’, याच पायावर उभा राहिला.

या नव्या एडिटरचें यश केवळ कंपनीच्या पैशाचें नव्हे. पूर्वीं प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा निराळी शिकवावी लागे. 10 एडिटर आणि 20 भाषा म्हणजे 200 कामें. 2016 सालीं मायक्रोसॉफ्टनें पुढें आणलेल्या संकेतानें भाषेनें एकदां बोलावें व एडिटरनें एकदां ऐकावयास शिकावें असें ठरलें. 200 चीं 30 झालीं. हा संकेत सर्वांस खुला असल्यामुळें व्ही-आयच्या वंशजांनाहि त्याचा लाभ झाला.

2018 सालीं मायक्रोसॉफ्टनें गिटहब 7.5 अब्ज डॉलरला विकत घेतली. दोन्ही एडिटर चालू राहतील, असें आश्वासन त्या वेळीं देण्यांत आलें. परंतु एकाच घरांत दोन चुली किती दिवस पेटणार? जून 2022 मध्यें ॲटम बंद होणार असें जाहीर झालें आणि 15 डिसेंबर 2022 रोजीं त्याचें काम थांबलें. आज्ञावली खुली होती म्हणून कांहीं हौशी मंडळींनीं तिच्यावरून ‘पल्सर’ चालविला. पण ज्यांनीं आठ वर्षें बोटांना एक वळण लावलें होतें, त्यांतील बहुतेकांना नवें घर शोधावें लागलें. तें घर बहुधा मायक्रोसॉफ्टचेंच होतें. तेथेंहि मूळ आज्ञावली खुली आहे, परंतु कंपनी जो तयार एडिटर वांटते त्याचा परवाना निराळा आहे, आणि त्याची जोडसाधनांची पेठ कंपनीच्याच साधनांपुरती राखलेली आहे.

ॲटमच्या निर्मात्यांपैकीं कांहींनीं पुढें इलेक्ट्रॉनचा पाया सोडून, रस्ट या भाषेंत ‘झेड’ हा चपळ एडिटर लिहिला. जानेवारी 2024 मध्यें त्याची आज्ञावली खुली झाली. त्यांत व्ही-आयच्या रीतीनें लिहिण्याचीहि सोय आहे. सेकंदास 30 अक्षरांची ती तार केव्हांच गेली. पण डावीकडे सरकण्यास एच् आणि खालीं उतरण्यास जे हीच कळ तेथें चालते.