गवताचा हंगाम

मुंबईत फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ होता. कोरडे महिने क्रिकेटचे. जून लागला, क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या गेल्या, की मैदानांवर गोलपोस्ट उभे राहत आणि हारवुड लीगचे सामने चिखलात रंगत. आमच्या कोल्हापुरात बरोबर उलटं. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांच्या झुंजी शाहू स्टेडियमवर हिवाळ्या-उन्हाळ्यात होतात आणि पावसाळ्यात मैदान हिरवं होऊ देतात. दोन शहरांची वेळापत्रकं वेगळी, पण दोन्ही ठरवली ती पावसाने आणि गवताने.

मी कोल्हापूरचा. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून पनवेलकडे आलो आणि खांदेश्वरला घर केलं. मुलांना फुटबॉल शिकवायचा तर पायाखालची जमीन समजून घ्यावी लागते, म्हणून इथल्या जमिनीचा इतिहास जुन्या माणसांना विचारत गेलो.

1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, तेव्हा खांदा, आसूडगाव, कामोठे ही भाताची गावं होती. इथलं मैदान म्हणजे कापणी झालेलं खाचर. दिवाळीनंतर भात घरात आला की पोरं धसकटं काढून जागा सपाट करत. बहुतेक वेळ क्रिकेट नाहीतर कबड्डी. चेंडू बांधापलीकडे गेला की चौकार. जूनमध्ये नांगर फिरला की मैदान संपलं, ते पुन्हा कार्तिकात. जमीन एकाची असे, खेळ साऱ्या गावाचा. गोव्यातला फुटबॉलही अशाच कापलेल्या शेतांत अनवाणी वाढला. फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने 1883 मध्ये शिवोलीत हा खेळ आणला असं तिथे मानतात. पण त्याला पोसलं ते भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांनी.

शहर वसवताना ही खाचरं बुजली. भाग सखल, भरतीचं पाणी आत येणारं. म्हणून सिडकोने धारण तलाव खोदले आणि बांधकामासाठी जमिनीवर भराव घातला. ‘खेळाचं मैदान’ अशी पाटी लागलेल्या भूखंडांच्या नशिबीही बहुधा मुरूमच आला. मुरूम रोलरखाली घट्ट बसतो. इमारतीला ते चांगलं, गवताच्या मुळांना नाही. जुलैत त्यावर पाणी साचतं, फेब्रुवारीपर्यंत धूळ उडू लागते, आणि घसरून पडलेल्या मुलाचा गुडघा सोलवटून निघतो. अशा जमिनीवर शिकवलेल्या कुणालाही टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, पहिल्यांदा पाहिल्यावर हायसं वाटेल. मलाही वाटलं.

कृत्रिम गवत जन्मलं तेच अडचणीतून. अमेरिकेत ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये छताची पारदर्शक तावदानं डोळ्यांवर येणाऱ्या प्रकाशामुळे रंगवावी लागली. ऊन अडलं, गवत मेलं, आणि 1966 मध्ये तिथे प्लॅस्टिकची हिरवळ आली. दहा वर्षांनी, 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. वर्षभर आधी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. फुटबॉलमध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने 1981 मध्ये असं मैदान घातलं. चेंडू वेडावाकडा उसळायचा, कातडी भाजून निघायची. दशकभरात इंग्लंडच्या वरच्या फळीतून ते हद्दपार झालं. पुढे लांब पाती आणि त्यांच्यात वाळू-रबराचे दाणे भरलेली नवी पिढी आली, आणि 2004 मध्ये फुटबॉलच्या नियमांनी तिला मान्यता दिली.

आपल्याकडे रोव्हर्स करंडकाच्या आठवणी जपणाऱ्या कूपरेजवर 2010 नंतरच्या वर्षांत हेच मैदान आलं. मुंबईच्या पावसात एकाच मैदानावर दिवसभर सामने घ्यायचे तर दुसरा उपाय सोपा नव्हता. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवरही ते होतं, पण 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे ते उखडून पुन्हा खरं गवत लावलं गेलं. त्या स्पर्धेने गवताची दोन्ही रूपं दाखवली. गुवाहाटीचं मैदान पावसाने इतकं खराब झालं की तिथली उपांत्य लढत कोलकात्याला हलवावी लागली. गुवाहाटीच्याच मैदानावर उपांत्यपूर्व सामना खेळलेला मालीचा संघ चार दिवसांनी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनविरुद्ध उतरला, तेव्हा मैदान उत्तम होतं. 2022 मध्ये मुलींच्या त्याच वयोगटाच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. नेरुळ खांदेश्वरहून लोकलने पाचवं स्टेशन. पाऊस तोच, भरती तीच. म्हणजे नवी मुंबईत गवत टिकत नाही, हे खरं नाही. खाली निचरा केला, वर माळी ठेवला, तर टिकतं.

ते गवतही परकं नाही. मोठ्या मैदानांवर लावतात ते बर्म्युडा आपल्या हरळीच्याच कुळातलं. शेतकरी जिला पिकातून खणून फेकतो, पण जी पुन्हा फुटतेच, तीच ही. तिला ऊन लागतं, पाणी न साचणारी माती लागते आणि वर्षातून काही आठवडे कुणी न तुडवणं लागतं.

टर्फला यातलं काही लागत नाही, हे त्याचं बळ. रात्री, पावसात, ओळीने तुकड्या खेळल्या तरी चालतं. पण दुपारी हवा 35 अंशांवर असताना ते उन्हात साठ अंशांपर्यंत तापतं. आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं आणि त्याचे रबरी दाणे पावसासोबत गटारात जातात. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने बंदी ठरवली ती याच सूक्ष्म प्लॅस्टिकमुळे. 2026 च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठीही फिफाने नैसर्गिक गवताचीच अट घातली.

मला मात्र त्याहून मोठी अडचण वाटते ती जाळीची आणि ताशी भाड्याची. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल इथले बहुतेक टर्फ खासगी आहेत. मुलं कॉन्ट्री काढतात, तास संपला की बाहेर पडतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो जाळीबाहेर उभा राहतो. खाचरात तसं नव्हतं. माझे चांगले खेळाडू घडले ते तासाच्या हिशेबाशिवाय, अंधार पडेपर्यंत चेंडूमागे धावून. आणि हे फक्त सार्वजनिक मैदानावरच होऊ शकतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पनवेल महानगरपालिका आणि सिडको यांनी प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, निदान एक मैदान मुरूम उकरून पुन्हा घडवावं: खाली खडी आणि निचऱ्याचे पाइप, वर वाळूमिश्रित माती, तिच्यावर हरळी, आणि पगारावर कायम माळी. पाऊस जोरात असेल ते आठवडे ते बंद ठेवावं. त्या दिवसांसाठी एखादा टर्फ पालिकेचा असावा आणि शाळांना मोफत मिळावा. पाणी कुठून वाहतं, माती कधी तुडवायची नाही, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे ती माणसं अजून याच गावांत आहेत. मैदानाची देखभाल त्यांच्या हाती द्या. शेतकऱ्यांनी या शहराला जमीन दिली. त्यांच्या नातवंडांना त्यातलं एक मैदान तरी बिनभाड्याने मिळायला हवं.