तेरचे खापर आणि एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील काही शब्द वस्तूचे केवळ रूप सांगतात. काही शब्द ते रूप कोणत्या कृतीने निर्माण झाले हेही सांगून जातात. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांत वर्णनाबरोबर एक सिद्धान्तही नकळत अंतर्भूत होतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या एका विशिष्ट मृद्भांडाच्या नावात हेच घडलेले दिसते.

तेरणेकाठचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनातील तगर होय, असे फ्लीट यांनी 1901 साली प्रतिपादन केले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून भडोच बंदराकडे कापड जात असे. 1958 साली चापेकर यांनी व पुढे शां. भा. देव यांनी येथे उत्खनने केली. सातवाहनकालीन अवशेषांत ‘रूलेटेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांची खापरेही आढळली. हे भांडे म्हणजे सपाट बुडाची, आत वळलेल्या काठाची पसरट थाळी. तिची माती अत्यंत बारीक असून तळाच्या आतील बाजूस सूक्ष्म खाचांची समकेंद्री वलये असतात. या खाचा कोठे टिंबासारख्या, कोठे त्रिकोणी, तर कोठे पाचरीसारख्या असतात.

अशा खुणांसाठी विज्ञानात ‘पंक्टेट’ ही सर्वसामान्य संज्ञा आहे. वनस्पतिशास्त्रात ती पानावरील ठिपक्यांना लावतात, तर प्राणिशास्त्रात कीटकाच्या कवचावरील सूक्ष्म खळग्यांना. तिचे मूळ लॅटिन ‘पुंक्तुम्’ म्हणजे टोचल्याची खूण. ग्रीकांचा बिंदुवाचक ‘स्तिग्मे’ हा शब्दही टोचण्याच्याच क्रियेवरून आला आहे. उलट संस्कृत ‘बिंदु’चा मूळ अर्थ थेंब. एका कल्पनेत पृष्ठभागातून काही उणे होते, दुसरीत पृष्ठभागावर काही पडते. मराठीनेही हा विवेक आपल्या परीने केला आहे: लेखनातले ते टिंब, रंगाचा तो ठिपका, भूमितीतला तो बिंदू आणि कोरून झालेली ती खाच. तेव्हा तेरच्या थाळीवरील खुणांना ‘ठिपके’ म्हणणे अचूक ठरत नाही. त्या खाचाच होत.

तथापि पुरातत्त्वात ‘पंक्टेट’ हा रूपवाचक शब्द न येता ‘रूलेटेड’ हा कृतिवाचक शब्द रूढ झाला. फ्रेंच ‘रूलेट’ म्हणजे लहान चाक. दातेरी चाक ओल्या मातीवर फिरवून नक्षी उमटविण्याची पद्धत भूमध्यसागरी प्रदेशात परिचित होती. मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 साली पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू येथे उत्खनन केले आणि 1946 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथे इटलीतील अरेटाइन भांडी व मद्यकुंभ यांच्यासमवेत ही थाळी मिळाली. ही नक्षी भारतीय परंपरेतील नसून पाश्चात्त्य आहे, असे व्हीलर यांनी मानले. नाव आणि अनुमान अशा रीतीने एकमेकांना आधार देऊ लागले. परिणामी दख्खनमध्ये असे खापर सापडले की ते रोमन संपर्काचा पुरावा म्हणून गणले जाई.

हा आधार पुढे डळमळीत झाला. आजच्या भारतीय कुंभारांच्या कामाशी तुलना करून विमला बेगली यांनी 1988 साली दुसऱ्या पद्धतीकडे लक्ष वेधले. चाकावर फिरणाऱ्या, अर्धवट सुकलेल्या भांड्याला धातूची लवचीक पट्टी टेकवली असता ती थरथरत उडते आणि समान खाचांची रांग उमटते. दातेरी चाकाच्या नक्षीत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तोच क्रम परततो. पट्टीच्या खाचांतील अंतर गती व दाब यांनुसार बदलते. बेगली यांनी या भांड्यांचा आरंभही इसवी सनापूर्वी नेला. 1997 साली डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने मातीचे परीक्षण करून तिचे मूळ बंगालमधील चंद्रकेतुगढ–तामलुक परिसरात असल्याचा निष्कर्ष मांडला.

यावरून तेरचा पाश्चात्त्य व्यापार खोटा ठरत नाही. त्यास ‘पेरिप्लस’ची स्वतंत्र साक्ष आहे. मात्र या खापराची साक्ष पश्चिमेकडून पूर्वेकडे वळते. तगराचे संबंध केवळ भडोचशी नव्हे, तर गंगेच्या मुखाकडील प्रदेशाशीही असावेत, असे ते सुचविते. एका विशेषणाने हा दुवा दीर्घकाळ झाकून ठेवला होता.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. ‘चक्रांकित’ हा प्रतिशब्द शब्दशः योग्य असला तरी मूळ संज्ञेतील वादग्रस्त गृहीत तो जसेच्या तसे स्वीकारतो. शिवाय कुंभाराचे चाक आणि दातेरी चाक यांचा त्यात घोटाळा होतो. ‘खाचवलयांकित’ असा शब्द योजल्यास डोळ्यांना दिसते तेवढेच सांगितले जाईल आणि कृतीचा निर्णय परीक्षणावर सोपविता येईल. परिभाषा घडविताना प्रथम रूप नोंदवावे, कृती मागाहून ठरवावी, हाच तेरच्या खापराचा बोध होय.