देवयानीतील ताऱ्यांचा शोध

शरद ऋतूतील काळोख्या रात्री देवयानी तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनाही एक पुसट ठिपका दिसतो. अल् सूफी या इराणी खगोलविदाने इ. स. ९६४च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याची लहानसा मेघ म्हणून नोंद आहे. हा मेघ आपल्याच आकाशगंगेतील वायूचा, की तिच्याबाहेरील असंख्य ताऱ्यांचा समूह, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीही मिटला नव्हता. १८८५ साली त्यात एक तारा अचानक उजळला. एवढा तेजस्वी तारा फार दूर असणार नाही, असा तर्क अनेकांनी केला. तो अतिनवतारा होता. पण ती संकल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथील १०० इंची हूकर दुर्बिणीतून एडविन हबल या मेघातील नवतारे शोधत होते. ऑक्टोबर १९२३मधील एका काचपट्टीवर त्यांनी अशा ठिपक्यांपुढे ‘एन’ हे अक्षर लिहिले. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता त्यांतील एक तारा पुनःपुन्हा मंद व तेजस्वी होताना आढळला. हबल यांनी ‘एन’ खोडले आणि तेथे ‘व्हेरिएबल’, म्हणजे रूपविकारी, या शब्दाची पहिली तीन अक्षरे उद्गारचिन्हासह लिहिली.

ते उद्गारचिन्ह सार्थच होते. हा तारा सेफीड प्रकारचा होता. वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा ताऱ्यावरून या प्रकाराला हे नाव पडले. हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली लहान मॅगेलनी मेघातील २५ सेफीड ताऱ्यांवरून दाखवून दिले होते, की तेजाच्या चढउताराचा काल जितका दीर्घ, तितका तारा अधिक तेजस्वी. ते सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने तुलना निर्दोष ठरली. कालावरून ताऱ्याचे खरे तेज कळते. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडले की अंतर मिळते.

हबल यांच्या ताऱ्याचा काल सुमारे ३१ दिवस होता. त्यावरून अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. हार्लो शॅप्ली यांनी आकाशगंगेचा व्यास ३ लाख प्रकाशवर्षे मानला होता, आणि तोही अनेकांना अतिशयोक्त वाटे. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे हबल यांचा निबंध त्यांच्या अनुपस्थितीत वाचला गेला. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली.

मात्र ते अंतर चुकीचे होते. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मालवले गेले, तेव्हा माउंट विल्सनचे आकाश काळोखे झाले. वॉल्टर बाडे हे जन्माने जर्मन असल्याने युद्धकार्यापासून दूर ठेवले गेले होते. त्यामुळे दुर्बीण त्यांना भरपूर लाभली. त्यांनी देवयानीच्या गाभ्यातील तारे प्रथमच सुटे टिपले. पुढे १९५२ साली त्यांनी सेफीडांचे दोन प्रकार असल्याचे जाहीर केले आणि अंतर एकदम दुप्पट झाले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

जानेवारी २०२५मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या सुमारे ६०० दृश्यांतून जुळवलेले देवयानीचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २० कोटी तारे वेगळे ओळखता येतात, तेही केवळ सूर्याहून तेजस्वी असलेले. दीर्घिकेतील एकूण ताऱ्यांचा अंदाज एक लाख कोटींचा आहे.