मोठ्याचा अभ्यास घेताना धाकट्याला कसे गुंतवावे?

काही घरांत मोठ्या मुलाचा अभ्यास घरीच होतो. कुणी स्वतःहून तसे ठरवलेले असते, तर कुणाच्या मुलाला अपंगत्वामुळे किंवा लांबलेल्या आजारपणामुळे शाळेत जाता येत नाही. (तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे.) अशा घरातली आई हमखास विचारते, "मोठ्याला घेऊन बसले की धाकटा वही ओढतो, रडतो, मोरीत जाऊन पाण्यात खेळतो. काय करू?" कळंबच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवर पावसाळ्यात ही अडचण वाढते. अंगणात चिखल असतो आणि घरातली बाकीची माणसे लावणीला गेलेली असतात.

प्रश्न शिस्तीचा वाटतो, पण दवाखान्यात तो वेगळ्याच रूपात येतो: गिळलेले नाणे, भाजलेला हात किंवा "झोपावा म्हणून" पाजलेले औषध.

धाकटा मुद्दाम त्रास देतो का?

नाही. दोन-तीन वर्षांचे मूल एका खेळात काही मिनिटेच रमते. त्यात आई मोठ्याकडे वळली की त्याला आपली आई गेली असे वाटते. म्हणून क्रम उलटा करा. अभ्यासाला बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटे फक्त धाकट्याला द्या. त्याला खाऊ घाला, शी-शू उरकून घ्या, मांडीवर घेऊन खेळा. पोट आणि मन भरलेले मूल जास्त वेळ एकटे खेळते.

मोठ्याचा अभ्यासही सलग दोन तास घेण्याची गरज नाही. एकाच मुलाला शिकवायचे असल्याने वेळ कमी लागतो. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. गणितासारखा लक्ष लागणारा विषय धाकट्याच्या दुपारच्या झोपेत घ्या. कविता, गोष्टी, पाढे त्याच्या देखतच होऊ द्या. तोही ऐकून शिकतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळी अंगणवाडीत पाठवा. मोठा घरी शिकतो म्हणून धाकट्यालाही घरीच ठेवले पाहिजे असे नाही.

ही अडचण जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले, विशेषतः मुली, शाळेत येत नसत. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी मार्ग काढला. खेळायला वापरले ते आजूबाजूचेच खडे, बिया, पाने, शिंपले. विकतची महागडी खेळणी लागतात हा समज सोडून द्यायला हे उदाहरण पुरेसे आहे.

खेळायला काय द्यावे?

घरातलेच द्या, पण वय पाहून. तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके, मणी, शेंगदाणे, कवड्या, गोट्या देऊ नका. अशी वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. त्याऐवजी स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणे, वाट्या, मोठे लाकडी चमचे, जुन्या ओढण्या, कणकेचा गोळा द्या. पाटीवर ओल्या फडक्याने रेघा मारणे हा खेळ बराच वेळ पुरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाने आकाराप्रमाणे लावणे, घड्या घालणे, मटारच्या शेंगा सोलणे अशी खरी कामे आवडतात. या वस्तू एका पिशवीत ठेवा आणि फक्त अभ्यासाच्या वेळी काढा. रोज हाताशी असलेल्या वस्तूचे अप्रूप राहत नाही.

धाकटा नेहमी नजरेसमोर हवा. बादलीत किंवा टबात थोडे पाणी असले तरी लहान मूल त्यात बुडू शकते, म्हणून बसण्याआधी भांडी रिकामी करा, पिंपावर झाकण घाला. रिमोट आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या विशेष घातक आहेत. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. संशय आला तरी उलटी करवू नका, लगेच रुग्णालय गाठा. घशात काही अडकून मुलाला खोकता किंवा रडताही येत नसेल, तर पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा द्या आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते.

मोबाईल आणि "झोपेचे" औषध

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितके चांगले. एखाद्या दिवशी तापाने फणफणलेल्या मोठ्याला सांभाळताना धाकट्याला वीस मिनिटे कार्टून दाखवले, तर अपराधी वाटून घेऊ नका. रोजचा उपाय मात्र तो नव्हे.

सर्दी-खोकल्याचे सिरप झोप यावी म्हणून कधीही पाजू नका. याने श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामाईन आणि फिनाईलेफ्रिन एकत्र असलेली औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले. अफू घातलेली घुटी तर जिवावर बेतते.

मोठ्याला राखण करायला लावू नका

"जरा बघ रे त्याच्याकडे" असे दर पाच मिनिटांनी सांगितले, तर मोठ्याचे अक्षर सुटते आणि राग धाकट्यावर निघतो. मोठा आजारी असेल तर हे ओझे दुप्पट. आजी-आजोबा किंवा शेजारच्या काकूंना रोज अर्धा तास मागून घ्या. यात कमीपणा नाही. वडील घरी असतील तर एक तुकडा त्यांनी घ्यावा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर "खोडकर आहे" म्हणून थांबू नका, तपासून घ्या. आईचेही पाहा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नाही, सारखे रडू येते, मुलांवर हात उगारला जातो असे होत असेल, तर तिलाही उपचार लागतात. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, दिवसरात्र केव्हाही.