कचरा वेगळा करण्याचे पैसे : नियम काय सांगतो?

हळ्ळीखेड (बी) : ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे 2016 च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. उचलण्याचे शुल्क घराने द्यायचे, दर स्थानिक संस्थेने ठरवायचा. कर्नाटकात घनकचरा उपकर मालमत्ता करासोबतच भरला जातो, त्यामुळे तो सहज लक्षात येत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्यांना घरे दरमहा पैसे देतात. भंगार विकून येणारी रक्कमही त्यांचीच. कचरा मिसळला की भंगाराचा भाव पडतो, कमाई बुडते. वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला, तर लोक विचारणारच, ‘मग पैसे कशाचे?’ म्हणून कराची पावती बघा, आणि गाडीत कप्पे वेगळे आहेत का, तेही बघा.